ओटीजीत ब्रेडसाठी वाफ करताना मनगट भाजलं, हे घरी सुरक्षितपणे कसं करायचं?

शेवंती_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले पाककृतींचे धागे वाचतेय, विचारायला पहिल्यांदाच आले. दिवाळीत आम्ही २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन घेतला. केक, नानकटाई, भाजलेल्या भाज्या हे सगळं जमायला लागलं, हाताला सवय झाली, मग म्हटलं आता ब्रेड करून बघू. मुलीला तो वरून कडक आणि आतून जाळीदार ब्रेड फार आवडतो. दोनतीन व्हिडिओ बघितले, सगळ्यांत एकच सांगितलं होतं की ब्रेड आत सरकवला की खालच्या तापलेल्या ट्रेमध्ये पाणी ओता नाहीतर बर्फाचे खडे टाका आणि पटकन दार लावा, वाफ कोंडली की क्रस्ट मस्त येतो.

तर रविवारी तसंच केलं. २३० वर वीस मिनिटं तापवला, जाळीवर ब्रेड ठेवला आणि खालच्या ट्रेमध्ये फुलपात्रातून पाणी ओतायला गेले. पुढचं सगळं दोन सेकंदात झालं. ट्रे धाडकन वाजला (नंतर बघितलं तर एका कोपऱ्यात पिळल्यासारखा वाकलाय), वाफेचा असा लोट आला की मला समोरचा ओव्हनच दिसेना, उजव्या मनगटाला आतल्या बाजूने चटका बसला, हातातलं फुलपात्र सुटलं, उरलेलं पाणी आतच सांडलं, खालच्या रॉडवर चर्र झालं आणि घरातली लाइट गेली. मुलगी जवळच स्टुलावर बसून बघत होती. तिला काही झालं नाही, पण ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

लाइट म्हणजे आमच्या बोर्डात तो एक मोठा स्विच असतो ना टेस्ट बटणवाला, तो पडला होता. वर केल्यावर बाकी घर चालू झालं पण ओटीजीचं बटण दाबलं की परत पडतो. ओळखीचा वायरमन बघून गेला, तो म्हणाला हे स्विच फार नाजूक असतात, काढून साधा टाकतो म्हणजे कटकट नाही. मी म्हटलं थांबा, आधी जाणकारांना विचारते.

तर विचारायचंय ते असं, की घरच्या छोट्या ओटीजीत वाफ करायची असते का मुळात, करायची तर कशी, हा ओव्हन आता परत वापरता येईल का, आणि ओव्हन ठेवलाय ती जागा बरोबर आहे का तेही सांगा. ओट्याच्या कोपऱ्यात आहे, मागे भिंत, वर मसाल्यांचं लाकडी कपाट, त्याच्या खालच्या सनमायकाला आताच फुगवटा आलाय. प्लग लांब होता म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड लावलाय.

कणीककोंडा

शेवंतीताई, आधी हात कसा आहे ते लिहा. वाफेचा चटका वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त गेलेला असतो, दोन दिवस झाले म्हणून दुर्लक्ष करू नका.

मी गेली बारा वर्षं घरी ब्रेड करतेय, त्यातली आठ वर्षं तुमच्याइतक्याच ओटीजीत, त्यामुळे जरा लांबण लावून लिहिते.

वाफ लागते का, तर हो, कडक क्रस्टच्या ब्रेडला लागते. पीठाचा गोळा आत जातो तेव्हा तो थंड असतो, वाफ त्याच्यावर बसते आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्या ओलाव्यामुळे वरची साल लगेच धरत नाही, आतला वायू फुगत राहतो आणि ब्रेड पूर्ण उंच होतो, आपण वर ब्लेडने दिलेली चीर छान उमलते. शिवाय वरचा स्टार्च त्या पाण्यात शिजतो, साबुदाण्यासारखा पारदर्शक होतो आणि नंतर वाळला की तीच ती चकचकीत, मोडताना आवाज करणारी साल. म्हणजे वाफेचं काम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांपुरतंच. नंतर ती बाहेर काढून द्यावीच लागते, नाहीतर साल चामट होते.

आता किती वाफ लागते, इथेच सगळे चुकतात. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशेपट जागा घेते. मोठा एक चमचा, म्हणजे १५ मिली पाण्याची साधारण २५ लिटर वाफ होते. तुमचा ओव्हनच २८ लिटरचा आहे! फुलपात्रात दीडशे मिली धरलं तर अडीचशे लिटर वाफ, म्हणजे तुमच्यासारखे आठनऊ ओव्हन भरतील इतकी. ती आत मावणारच नव्हती, तुम्ही दार उघडं ठेवून ओतत होतात तर ती तुमच्याच अंगावर येणार. त्या व्हिडिओतले ओव्हन भिंतीत बसवलेले, साठ-सत्तर लिटरचे असतात, रॉड बहुतेक तळाखाली झाकलेला असतो. आपल्या ओटीजीत रॉड उघडा, ट्रेच्या खाली चार बोटांवर. ती युक्ती इकडे आणायचीच नाही. आणि दाराच्या तापलेल्या काचेवर गार पाण्याचे शिंतोडे उडाले तर काचेचा चुरा होऊ शकतो, तुमची वाचली हे नशीब. बर्फानेही तेच होतं, फक्त जरा सावकाश.

मग करायचं काय, तर बाहेरून पाणी घालायचंच नाही. पीठात पाणी आहे ना, तेच वापरायचं. मी ३०० ग्रॅम पीठाला २०० मिली पाणी घेते, गोळा साधारण ५१० ग्रॅमचा, भाजून झाला की ४४० च्या आसपास भरतो. म्हणजे सत्तर ग्रॅम पाणी त्या गोळ्यातूनच वाफ होऊन गेलं. त्यातलं पाव जरी सुरुवातीला ब्रेडभोवती कोंडून धरलं तरी भरपूर झालं. ओटीजीला वरून आणि दाराच्या कडेने फटी असतात, तो वाफ धरून ठेवतच नाही, म्हणून ब्रेडवर झाकण हवं.

झाकण म्हणजे बिडाचं झाकणवालं भांडं असेल तर उत्तम. नसेल तर सरळ स्टीलचं जाड पातेलं ट्रेवर उपडं घालायचं. प्लॅस्टिकची मूठ नको, काचेचं काही नको. ओव्हन थंड असताना आधी मापून बघा, पातेल्याचा बूड आणि वरचा रॉड यात निदान तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. ट्रे आणि पातेलं दोन्ही आतच तापवायचं, २३० वर वीस मिनिटं. ट्रे बाहेर काढून ओट्यावर जाळीवर ठेवायचा, गोळा बेकिंगच्या कागदासकट अलगद सरकवायचा, पातेलं उपडं घालायचं, ट्रे परत आत. कागदावर किती डिग्री चालतं ते छापलेलं असतं ते वाचा आणि कागदाचे कोपरे कापून टाका, लांब राहिले की रॉडला लागून पेटतात. नुसत्या मेणकागदाचं तर नावच नको.

अठरा-वीस मिनिटांनी झाकण काढायचं, आणि चटके बसतात ते इथेच. समोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून दार फक्त दोन बोटं उघडायचं, मनात दहा मोजायचे, मग पूर्ण उघडायचं. ओटीजीचं दार खाली पडतं त्यामुळे वाफ सरळ वर येते, तोंड त्याच्यावर न्यायचं नाही, चष्मा असेल तर धुकं धरून क्षणभर काही दिसत नाही. ट्रे त्याच्या चिमट्याने बाहेर काढून ओट्यावर ठेवायचा. पातेलं सांडशीने उचलताना आपल्या बाजूची कड आधी उचलतो आपण, सवयच असते, आणि सगळी वाफ पोटावर येते. ट्रे फिरवून घ्या आणि भिंतीकडची कड आधी उचला. मग उघडाच ब्रेड परत आत, २१० वर अजून पंधरा-अठरा मिनिटं.

दोन गोष्टी राहिल्या. फडकं कोरडंच पाहिजे, ओलं म्हणजे अगदी थोडं दमट असलं तरी नाही. तापलेल्या लोखंडाला ओलं फडकं लागलं की फडक्यातल्या पाण्याचीच वाफ होते आणि ती तळहातात घुसते, भाजल्यावर आपण भांडं सोडतो ते वेगळंच. आणि बाहेर काढून ठेवलेलं पातेलं दिसायला गारच दिसतं, कोणीतरी येऊन उचलतं. मी त्याच्यावर लाल फडकं टाकून ठेवते, आमच्या घरात लाल फडकं दिसलं की कोणी हात लावत नाही, पाहुण्यांनासुद्धा आल्याआल्या सांगते.

रोहित्र

मी विजेच्या कामातला आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

ताई, त्या वायरमनला तो स्विच अजिबात काढू देऊ नका. तो आरसीसीबी आहे, घरी साधारण ३० मिलीअँपिअरचा असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, म्हणजे कुठेतरी जमिनीकडे गळतोय, एवढं कळलं की तो पडतो. रविवारी पाणी सांडलं, तुम्ही ओल्या हाताने पत्र्याला लागून उभ्या होतात आणि तो पडला. त्याने त्याचं काम केलं. काढून साधा टाकला तर पुढच्या वेळी तो करंट जायला वाट शोधेल आणि ती वाट तुम्ही असाल किंवा मुलगी असेल. मला हे अजून मऊ शब्दांत सांगता येत नाही.

परत परत का पडतो ते सांगतो. बहुतेक ओटीजीतला रॉड म्हणजे बाहेरून स्टीलची नळी, मध्ये तापणारी तार आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओल फार धरते. नळीच्या टोकाशी जिथे वायर जोडतात तिथून ओल आत गेली की पूड वीज अडवत नाही आणि थोडा करंट नळीत, तिथून पत्र्यात, तिथून अर्थिंगमध्ये. पावसाळाभर ओव्हन बंद ठेवला आणि गणपतीत काढला तरी कित्येकांच्या घरी हेच होतं, कोकणात आणि मुंबईकडे तर फारच, लोकांना वाटतं ओव्हन गेला. नुसती पावसाळ्याची ओल असेल आणि स्विच पडत नसेल तर शंभर-सव्वाशे डिग्रीवर रिकामाच वीसेक मिनिटं चालवला की वाळतो. तुमच्या केसमध्ये पाणी थेट पडलंय आणि स्विच पडतोच आहे, तर जबरदस्ती करू नका. प्लग काढा, दार उघडं ठेवून दोनतीन दिवस उन्हात नाहीतर पंख्याखाली ठेवा, मग कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून रॉडचं इन्सुलेशन मेगरने तपासून घ्या. तापलेल्या नळीवर गार पाणी पडलंय म्हणजे बारीक चीरही गेलेली असू शकते, तसं असेल तर रॉड बदलायचा, सगळा ओव्हन नाही.

आता एक्स्टेन्शन बोर्ड. ओव्हनच्या मागे वॅट लिहिलेले असतात, २८ लिटरचा म्हणजे दीड हजाराच्या आसपास असणार. १६०० वॅट धरा, भागिले २३० व्होल्ट, सात अँपिअर. साधा छोटा सॉकेट आणि बाजारातले बहुतेक बोर्ड ६ अँपिअरचे. केकसाठी अर्धा तास चालवला तर निभावतं, ब्रेडसाठी प्रीहीटसकट तास-सव्वा तास सलग चालतो, तेवढ्यात प्लगची पिन तापते, आतली पट्टी सैल होते, सैल झाली की अजून तापते, मग एक दिवस प्लॅस्टिक वितळतं. चालू असताना बोर्ड हाताला गरम लागला तर त्याच दिवशी बंद करा. तीन जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतःच्या एमसीबीवर (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), चांगल्या अर्थिंगसकट, तिथेच ओव्हन लावायचा. त्याच पॉइंटवर मायक्रोवेव्ह नको. वायर ओव्हनच्या पाठीला टेकू देऊ नका, पाठ चांगलीच तापते.

जागेचं म्हणाल तर चारही बाजूंनी निदान वीतभर मोकळं ठेवा आणि वर काहीच नको. तुमचा सनमायका फुगलाय तो वाफेने, आतला प्लायवूड पाणी पितोय आणि वर उष्णता लागतेय. गॅसची नळी ओव्हनच्या मागून गेली असेल तर ती आधी हलवा, रबराला सतत उष्णता लागली की ते कडक होऊन चिरा पडतात.

वॉर्ड_सिस्टर

हाताबद्दल मी लिहिते, भाजलेल्या रुग्णांचं काम केलंय. शेवंती, फोड आला असेल तर फोडू नकोस. मनगट वाकवताना ताण पडतो का, बोटांना मुंग्या येतात का, लाली पसरतेय का, पिवळं पाणी किंवा वास येतोय का, यातलं एकही असेल तर आज दाखव, उद्या नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं तेही डॉक्टरांना सांग.

वाफ पाण्यापेक्षा वाईट का हे सगळ्यांनी एकदा नीट समजून घ्या. १ ग्रॅम उकळतं पाणी कातडीवर पडून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत साधारण २६० ज्यूल उष्णता देतं. १ ग्रॅम वाफ आधी कातडीवर पाणी होते, त्यातच २२६० ज्यूल देते, आणि मग ते उकळतं पाणी अजून २६०. म्हणजे नऊपटीच्या वर. आणि खरी वाफ दिसतसुद्धा नाही. कुकरची शिट्टी होते तेव्हा तोंडाशी नीट बघा, पहिला बोटभर भाग रिकामा दिसतो, पांढरं धुकं त्याच्या वर सुरू होतं. ते धुकं म्हणजे गार व्हायला लागलेले पाण्याचे थेंब, खरी वाफ त्या रिकाम्या भागात आहे. लोक धुक्यापासून हात लांब ठेवतात आणि रिकाम्या जागेत घालतात.

पुढच्या वेळी (येऊ नये, पण माहीत असावं) पहिलं काम म्हणजे नळाखाली हात, साधं गार पाणी, पूर्ण वीस मिनिटं घड्याळ लावून. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून लोक थांबवतात, पण आतल्या थरात उष्णता तशीच असते. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. पाण्याखाली असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून टाकायचं, सूज आली की निघत नाही आणि मग कापावी लागते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद, तूप, शाई, कोलगेट काही नको, आम्हाला ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि तेव्हा पेशंट जो ओरडतो तो ऐकवत नाही. वर सैलसर स्वच्छ फडकं. स्वतःच्या तळव्यापेक्षा मोठं भाजलं असेल, तोंड, डोळे, सांधा असेल किंवा लहान मूल असेल तर घरी बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल, लागलं तर १०८.

मुलीसाठी एकच करा, ओव्हनसमोर जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारा, दार उघडताना रेघेच्या आत कोणी नाही. मुलं रेघ पाळतात.

सासष्टीकार

आमच्या गावच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची भट्टी लहानपणापासून बघत आलोय म्हणून थोडं. लाकडाची भट्टी, आत एका वेळी शेकडो पाव, लोखंडी दार बंद. तिथे कोणी पाणी ओतत नाही फारसं, कारण एवढ्या पिठातून निघणारी वाफच भट्टी भरून टाकते आणि ती जायला जागा नसते. कणीककोंडा यांनी जे पातेल्याचं सांगितलं ते म्हणजे तीच भट्टी छोटी केली, एका ब्रेडपुरती.

दुसरं म्हणजे कुठल्या पावाला वाफ हवी ते आधी ठरवा. उंडो हवा असेल, कडक सालीचा, तर वाफ. लादीपाव हवा असेल तर वाफ लागतच नाही! ते गोळे एकमेकांना चिकटून ठेवतात त्यामुळे कडा वाळत नाहीत, वरून दूध लावायचं, १८० ला वीस-पंचवीस मिनिटं, बाहेर काढल्यावर लोणी फिरवून वर स्वच्छ फडकं टाकायचं, त्यांच्याच वाफेने मऊ होतात. पोई म्हणजे आमच्याकडचा चपटा पाव, तिला पण वरून कोंडा असतो, तिची मजा वेगळी, ती फुगून पोकळ होते ती आतल्या वाफेने, तापलेल्या तळावर टाकली की. घरी दगड किंवा बिडाचा तवा उलटा ठेवून होते, बाहेरून पाणी शून्य.

राइनकाठची_मावशी

आम्ही जर्मनीत. इथे बेकर लोक ब्रेडला वाफ देण्याला श्वाडन म्हणतात आणि बऱ्याच घरांतल्या बसवलेल्या ओव्हनला वाफेचं वेगळं बटण असतं, मोजकं पाणी घालायचं आणि तो स्वतः सोडतो. तरी सांगते, माझ्या शेजारणीने सवयीने दार एकदम उघडलं, भुवया आणि कपाळ भाजून घेतलं. ओव्हन कितीही भारी असला तरी दार उघडायची पद्धत तीच, बाजूला उभं राहून, आधी फट, मग पूर्ण. मी बाह्या पण खाली ओढून घेते, सुती, सिंथेटिक नाही. आणि पंखा असलेला ओव्हन असेल तर पहिली पंधरा मिनिटं पंखा बंद ठेवा, नाहीतर तो वाफ फटींतून बाहेर हाकलतो आणि साल लवकर वाळवतो.

खरवसवाला

या धाग्यावरच विचारतो, आमच्याकडे कॅरॅमल कस्टर्ड आणि खरवस ओटीजीत करतात, मोठ्या ट्रेमध्ये पाणी घालून त्यात वाटी ठेवून. मग ते पण धोक्याचं का?

कणीककोंडा

खरवसवाले, नाही, ते वेगळं आहे. तिथे वाफ करायची नसते, पाण्यामुळे वाटीभोवतीचं तापमान शंभरच्या वर जात नाही म्हणून अंड-दूध फाटत नाही, त्यासाठी पाणी. ओव्हन १५०-१६० वरच असतो आणि ट्रे तापवलेला नसतो. फक्त क्रम सांभाळा, वाट्या ट्रेमध्ये ठेवा, ट्रे जाळीवर ठेवून जाळी अर्धी बाहेर ओढा, मग किटलीने गरम पाणी घाला, वाट्यांच्या निम्म्यापर्यंत, आणि हळूच आत ढकला. भरलेला ट्रे ओट्यावरून उचलून न्यायला गेलात की हिंदकळून रॉडवर सांडणार. झाल्यावर लगेच ट्रे काढायचा नाही. ओव्हन बंद करायचा, दार थोडं उघडं ठेवायचं, पाणी निवलं की वाट्या आधी काढायच्या, पाणी सगळ्यात शेवटी. वाट्यांवर फॉइल लावत असाल तर ती रॉडला लागता कामा नये. आणि खरवसाची वाटी फ्रीजमधून काढून तशीच आत नको, काचेची असेल तर तडकते.

शेवंतीताई, एक विसरले. आत काही पेटलंच, कागद म्हणा, पनीर टिक्क्याचं तेल गळून म्हणा, तर दार उघडायचं नाही. बटण बंद, प्लग हाताशी असेल तर काढायचा, दार बंदच. हवा मिळाली नाही की विझतं. पाणी तर मुळीच मारायचं नाही.

शेवंती_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक ओळ दोनदा वाचली, नवऱ्यालाही वाचायला दिली.

सिस्टर, तुमचं वाचून त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. वरचा थर गेलाय, खाली ठीक आहे, ड्रेसिंग केलंय आणि इंजेक्शन दिलंय. मी रविवारी दोनच मिनिटं पाण्याखाली धरला होता आणि बांगड्या तशाच होत्या, रात्री साबण लावून काढाव्या लागल्या.

रोहित्रदादा, वायरमनला परत पाठवलं. सर्व्हिसवाला आला, त्याने मेगर लावला, वरचे दोन रॉड चांगले निघाले, खालचा एक गेलाय. तो बदलला, आता आरसीसीबी पडत नाही. त्याच्याकडून टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघायचं हेही कळलं, आम्ही घर घेतल्यापासून एकदाही दाबलं नव्हतं. १६ चा पॉइंट ओट्याच्या दुसऱ्या टोकाला काढून घेतला, खिडकीजवळ, वर कपाट नाही. एक्स्टेन्शन बोर्ड काढला तर एका भोकाभोवती प्लॅस्टिक पिवळं पडून मऊ झालं होतं, ते बघून अंगावर काटा आला.

आणि काल ब्रेड केला. सासूबाईंचं जुनं जाड स्टीलचं पातेलं उपडं घालून. आधी थंड ओव्हनमध्ये मापलं, वर चार बोटं राहिली. हात अजून बरा नाही म्हणून ट्रे नवऱ्याने काढला, बाजूला उभं राहून, मी मोठ्याने दहा मोजले, मुलगी रेघेच्या मागून माझ्याबरोबर मोजत होती. भिंतीकडची कड आधी उचलली, वाफ टाइल्सवर गेली आणि टाइल्सवरून पाण्याचे ओघळ आले, नुसत्या त्या गोळ्यातली वाफ होती ती. ब्रेड दुप्पट फुगला होता, वर ओली चमक. नंतर उघडा भाजला सतरा मिनिटं. जाळीवर ठेवला तेव्हा सालीला बारीक बारीक चिरा पडत होत्या आणि तडतड आवाज येत होता, मुलीने कान जवळ नेऊन ऐकला.

कणीककोंडाताई, खालची बाजू जरा जास्त काळपट झाली, खाली अजून एक ट्रे ठेवू का नुसता खालचा रॉड शेवटी बंद करू?

कणीककोंडा

फार बरं वाटलं वाचून. शेवटची दहा मिनिटं नॉब फक्त वरच्या रॉडवर फिरवा, आणि तरीही काळा आला तर ब्रेडचा ट्रे एक खाच वर घ्या. पातेल्याचं अंतर मात्र परत मापा, एक खाच वर गेलं की चार बोटांची दोन होतील, तसं झालं तर जरा बुटकं पातेलं शोधावं लागेल.